घरातील वडीलधारे पुरुष आणि त्यांची बैठक
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांच्या मंडळाच्या वर्धापनदिनी पुरुषांविषयी बोलायचे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. मुलांचे संगोपन, आहार, शिवणवर्ग, बचत गट ह्या आपल्या नेहमीच्या विषयांवर माझ्यापेक्षा चांगले बोलणाऱ्या भगिनी येथे पुष्कळ आहेत. परंतु मागच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तो अर्धाच राहिला. आपले हे सभागृह आपण दुपारी चार ते सहा वापरतो. बाकीचा वेळ त्याला कुलूप असते. आळीतील काही वृद्ध गृहस्थांनी विचारणा केली आहे की, सकाळी दोन-तीन तास ही जागा आम्हांला बसायला मिळेल काय? त्यावर मंडळात दोन मते पडली. दोन्ही मते प्रामाणिक आहेत. म्हणून निर्णय करण्यापूर्वी त्या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार व्हावा, एवढ्यासाठी मी आज उभी आहे.

माझे माहेर नांदेडचे आणि सासर लातूरचे. दोन्ही गावांत ज्येष्ठ नागरिकांच्या बैठका भरतात. कोठे त्यांना संघ म्हणतात, कोठे विरंगुळा केंद्र. माझ्या नात्यातले आणि ओळखीचे कितीतरी वृद्ध पुरुष तेथे जातात. त्यांच्याकडून जे ऐकले आणि तेथे जाऊन जे पाहिले, तेच मी सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, बाईचे म्हातारपण आणि पुरुषाचे म्हातारपण एका वाटेने येत नाही. आपल्याला निवृत्ती नाही. साठी उलटली तरी भाजी निवडणे, नातवंडाला भरवणे, लोणच्याला मीठ किती ते सांगणे ही कामे हाताशी राहतात. हात थकतात, पण एका दिवशी कोणी येऊन हातातले काम काढून घेत नाही. पुरुषाचे तसे नाही. सरकारी नोकराला अठ्ठावन्नाव्या वर्षी हार आणि नारळ मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याला जायला जागा नसते. शेतकऱ्याला तर निरोपाचा हारही मिळत नाही. यंदा काय पेरायचे, हे मुलगा एक वर्ष विचारतो, दुसऱ्या वर्षी सांगतो, आणि तिसऱ्या वर्षी सांगतही नाही. नांदेडला उस्मानशाही मिलच्या पाळ्यांवर ज्यांचे सारे आयुष्य बेतलेले होते, त्यांची तर मिलच बंद पडली. त्यांचे म्हातारपण वयाच्या अगोदरच येऊन उभे राहिले.

मग हा मनुष्य दिवसभर घरात असतो. स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहतो, नळ गळतो का ते तपासतो, विजेचे बिल तीनदा वाचतो, दार वाजले की सर्वांच्या आधी उठतो. आपण त्याला लुडबुड म्हणतो. पण तो काम शोधत असतो, भगिनींनो. चाळीस वर्षे ज्याने घराला मिळवून घातले, त्याला आता घरात कोठे उभे राहावे ते कळत नाही, आणि ते कोणाला विचारावे हेही कळत नाही.

पूर्वी अशा माणसाला जागा होती. आपल्या भागातल्या वाड्यांना ढाळज असे. दारातून आत आले की दोन्ही बाजूंना ओटे, आणि तेथे घरातले वडीलधारे बसत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण त्यांना रामराम करून पुढे जाई. गावात पार होता, मारुतीचे देऊळ होते, लिंबाची सावली होती. तेथे कोणी कोणाला बोलावीत नसे. मनुष्य सहज जाऊन बसे आणि त्याचे जाणे-येणे साऱ्या गावाला दिसे. एखाद्या दिवशी आबा पारावर दिसले नाहीत, तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी घरी येऊन चौकशी करून जाई.

अशी जागा मोडली म्हणजे काय होते, हे आपल्या लातूर जिल्ह्याने सोसून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे अंगावर कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे मजबूत झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले, आणि ते आवश्यकच होते. परंतु जुन्या गावात घरांना घरे लागून होती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की माणूस माणसांत असे. नव्या गावात घरे सुटी सुटी, वसाहत दूरवर पसरलेली, आणि सुरुवातीला झाडाची सावली म्हणून नाही. तरुणाला ह्याचे काही वाटत नाही. तो फटफटीवर बसतो आणि जातो. काठी टेकीत चालणाऱ्याला मात्र चार रस्ते ओलांडून बसायला जाणे म्हणजे परगावी जाण्यासारखे होते. घर मिळाले, पण बसायची जागा मिळाली नाही, ही हळहळ मी त्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे.

शहरात भूकंप न होताच हे घडले. वाडे पाडून त्या जागी मजले चढले, ढाळजेच्या जागी मोटार उभी राहिली. मुले पुण्याला किंवा हैदराबादेला नोकरीला गेली. आपल्या लातुरात तर आणखी एक प्रकार दिसतो. नातवाच्या किंवा नातीच्या शिकवणीसाठी गावाकडचे आजी-आजोबा येथे खोली घेऊन राहतात. आजी स्वयंपाकात गुंतते. शेजारणीची आणि तिची दोन दिवसांत ओळख होते. आजोबा मात्र खोलीच्या दारात बसून रस्ता पाहतात. गावात ज्यांना ओलांडून पंचायतीचे पान हलत नव्हते, त्यांचे नावही ह्या गल्लीत कोणाला ठाऊक नसते.

ही काही पाच-पन्नास माणसांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. सरकारनेही ह्याची दखल घेतली आहे. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या सांभाळाचा कायदा झाला. २०१३ साली राज्याने ज्येष्ठांसाठी धोरण जाहीर केले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून काही आजोबा काही काम नसताना सकाळी तालुक्याला जातात आणि दुपारच्या गाडीने परत येतात. लोक हसतात. पण खिडकीशी बसायला मिळते, वाहक दोन शब्द बोलतो, कोणीतरी ओळखीचे भेटते; त्यासाठी तो सारा प्रवास असतो. कायद्याने अन्नवस्त्राची दाद मागता येते. सोबतीची दाद कोणत्या कचेरीत मागावी?

आता ह्या केंद्रांत काय चालते ते सांगते. बाहेरून पाहिले तर फारसे काहीच दिसत नाही. दोन-तीन वर्तमानपत्रे, एक कॅरमचा बोर्ड, पत्त्यांचा जोड, भिंतीवर घड्याळ, आणि एक हजेरीची वही. कोणी भजन म्हणतो, कोणी निवृत्तिवेतनाचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतो, महिन्यातून एकदा डॉक्टर येऊन रक्तदाब पाहतात. एवढ्यासाठी माणसे उन्हातून का येतात, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर त्या हजेरीच्या वहीत आहे. वहीत आपले नाव आहे, आणि आज आपण सही केली नाही तर उद्या कोणीतरी विचारणार आहे, ही खात्री तेथे मिळते.

पुरुष आपल्या म्हातारपणाविषयी समोरासमोर बोलत नाहीत, हे आपण सर्व जणी जाणतो. आपण दोघी भेटलो की गुडघ्यापासून सुनेपर्यंत सारे बोलून मोकळ्या होतो. पुरुषाला घरी विचारा, “बरे आहे ना?” तो म्हणेल, “हो, मला काय धाड भरली आहे?” तोच मनुष्य केंद्रात पत्ते पिसता पिसता म्हणतो, “काल रात्री चारदा उठलो.” समोरचा म्हणतो, “मी पाचदा.” दोघे हसतात आणि पान टाकतात. त्या हसण्यात त्यांनी एकमेकांना सांगितलेले असते की, हे केवळ तुलाच होत नाही. घरात त्याचा विसराळूपणा हा दोष ठरतो. येथे तो सर्वांचा असतो. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा येथे एकटा नसतो.

अर्थात तेथे सारे गोडच असते असे नाही. पहिले काही महिने जुना हुद्दा सुटत नाही. निवृत्त साहेबाला साहेब म्हणवून घ्यायचे असते, मास्तर प्रत्येकाचे शुद्धलेखन सुधारीत बसतात, आणि पहिल्यांदा वर्तमानपत्र कोणी उघडायचे ह्यावरून रुसवे होतात. निवडणूक आली की अबोले होतात. आणि मृत्यू तर तेथे येतच असतो. एखादी खुर्ची रिकामी होते. सकाळी दोन मिनिटे उभे राहून शांतता पाळतात; त्या खुर्चीवर चार-आठ दिवस कोणी बसत नाही, आणि मग एक दिवस कोणी नवा मनुष्य नकळत येऊन बसतो, त्याला कोणी उठवीत नाही. ‘आता आपला नंबर’ असे थट्टेने म्हणतात. घरी आपण असे बोलू देत नाही. अभद्र बोलू नका म्हणून गप्प करतो. ज्याला मरणाची भीती बोलून दाखवायची आहे, त्याला निदान एक तरी जागा अशी हवी की जेथे त्याला गप्प करीत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली. नुसते बसवून ठेवलेले केंद्र फार दिवस चालत नाही. जेथे प्रत्येकाला काही काम असते, तेच टिकते. कोणी कुलूप उघडतो, कोणी पाणी भरतो, कोणी वर्गणीचा हिशेब ठेवतो, आजारी सभासदाकडे जायची पाळी लावलेली असते. हप्त्याच्या वेळी अखंड हरिनामात वीणा खाली ठेवायची नसते; रात्रंदिवस ती कोणाच्या तरी खांद्यावर असते आणि प्रत्येकाचा पहारा ठरलेला असतो. पहाटे तीनचा पहारा असलेला ऐंशी वर्षांचा म्हातारा कोणी न उठवता उठतो. का? कारण तो गेला नाही तर दुसऱ्याच्या खांद्यावरची वीणा उतरणार नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगराची सेवा पाहा. भाजी निवडायला, भांडी घासायला, आलेल्यांचे जोडे सांभाळायला वृद्ध माणसे आनंदाने बसतात. तेथे कोण कारखानदार आणि कोण कारकून, हे कोणी विचारीत नाही. लसूण सोलता सोलता शेजाऱ्याशी चार शब्द होतात.

परदेशातही हेच अनुभवाला आले आहे. ऑस्ट्रेलियात १९९० नंतरच्या काळात वृद्ध पुरुषांसाठी सार्वजनिक कारखानेवजा छपऱ्या सुरू झाल्या. तेथे सुतारकीची हत्यारे असतात. माणसे येतात, मोडकी खुर्ची दुरुस्त करतात, मुलांची खेळणी बनवतात. चालकांच्या लक्षात आले की, पुरुषांना समोरासमोर बसवून ‘मनातले बोला’ म्हटले तर ते बोलत नाहीत. पण खांद्याला खांदा लावून कामाला लावले की आपोआप बोलू लागतात. पुढे आयर्लंड-इंग्लंडातही अशा छपऱ्या निघाल्या. आपल्याकडे रंधा आणि करवत नसेल, पण शाळेतल्या मुलांचे फाटके पुस्तक शिवणे, आळीतल्या झाडांना पाणी घालणे, बँकेची पावती न कळणाऱ्या बाईला ती वाचून दाखवणे ही कामे आहेतच. लातुरात २०१६ साली पाण्याचा दुष्काळ पडला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा घागरींच्या रांगेवर बसून राहण्याचे काम कितीतरी घरांत आजोबांनीच केले. दिवस हालाचे होते. पण त्या दिवसांत त्यांची लुडबुड झाली नाही, कारण रांग त्यांच्यावाचून राखली जात नव्हती.

आता जे येत नाहीत त्यांच्याविषयी. केंद्रात बहुधा निवृत्तिवेतनवाले, लिहितेवाचते पुरुष दिसतात. मोंढ्यात पोती वाहणारा हमाल सत्तरीतही मोंढ्यातच असतो. त्याला निवृत्त होणे परवडत नाही. निराधाराच्या किंवा श्रावणबाळ योजनेच्या दरमहा दीड हजार रुपयांत घर चालत नाही. आणि चुकून तो आलाच, तर कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसतो, खुर्चीवर बसत नाही. जुन्या पारावरही सर्वांना सारखे बसता येत नव्हते, हे आपण विसरू नये. कोण वर बसणार आणि कोण खाली उभा राहणार, हे जातीने ठरलेले होते. आपण नवी जागा काढणार असू, तर त्या पाराची सावली घ्यावी, त्याच्या पायऱ्या घेऊ नयेत.

ज्या भगिनींनी विरोध केला, त्यांचे म्हणणे मी माझ्या शब्दांत मांडते. त्या म्हणाल्या, “पार त्यांचा, चावडी त्यांची, हॉटेलातली बाकडी त्यांची. बायकांना घराबाहेर बसायला एवढी एकच जागा आहे, ती घासाघीस करून आपण मिळवली. आता तीही त्यांना द्यायची?” हा आक्षेप खरा आहे. शिवाय असे की, वृद्ध स्त्रियांची संख्या वृद्ध पुरुषांहून अधिक आहे आणि वैधव्य त्यांच्याच वाट्याला अधिक येते. त्यांना बाजूला सारून पुरुषांची सोय करावी, असे मी कधीही म्हणणार नाही.

परंतु जरा असे पाहा. आपल्याला हळदीकुंकू आहे, भिशी आहे, भजनी मंडळ आहे, आणि हे मंडळ आहे. आपल्या मैत्रिणी आपण घराच्या उंबऱ्यावरून जोडलेल्या आहेत, म्हणून त्या शेवटपर्यंत राहतात. पुरुषाचे मित्र कचेरीत, कारखान्यात, बाजारात जोडलेले असतात. काम सुटले की तेही सुटतात. ह्या एका बाबतीत ते आपल्याहून गरीब आहेत. आणि ज्याची बायको आधी जाते, त्याच्या गरिबीला तर पार नाही. त्याला गॅस पेटवता येत नाही, चहात पत्ती किती ते ठाऊक नसते, मुलाला दूरध्वनी करून काय बोलावे ते सुचत नाही, कारण पन्नास वर्षे ते सारे तिनेच केलेले असते.

म्हणून माझी सूचना अशी की जागा द्यावी. पण काही अटींवर द्यावी.

पहिली अट: सभागृहाची झाडलोट आणि चहा त्यांनी स्वतः करावा, पाळी लावून करावा. आपल्यापैकी कोणीही तेथे चहा करायला जाणार नाही. ही शिक्षा समजू नये. ज्या विधुराने सत्तरीत चहा करायला शिकून घेतला, तो घरी सुनेची वाट पाहत बसत नाही, आणि त्याचा त्याला अभिमानही वाटतो.

दुसरी अट: तेथे कोणाचा हुद्दा चालणार नाही आणि बसण्यात उच्चनीच चालणार नाही. मोंढ्यातला हमाल सुटीच्या दिवशी आला, तर त्यालाही खुर्चीच मिळाली पाहिजे.

तिसरी अट: आठवड्यातले दोन दिवस ही सकाळची वेळ आळीतील वृद्ध स्त्रियांसाठी राखून ठेवावी. ज्यांना दुपारी नातवंडांमुळे येता येत नाही, त्यांची त्यामुळे सोय होईल.

चौथी अट आपल्यासाठी आहे. जागा द्यायची तर ती वापरण्याजोगी द्यावी. गुडघे दुखणाऱ्याला सतरंजीवरून उठता येत नाही. पाठीची आणि हाताची खुर्ची हवी. वाचायला उजेड हवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बैठक सकाळी सातला भरून दहाला उठावी, हिवाळ्यात नऊनंतर. आणि एक गोष्ट संकोच सोडून सांगते. उतारवयात पुरुषांना लघवीला वारंवार जावे लागते, आणि त्या धास्तीनेच कितीतरी जण घराबाहेर पडायचे सोडतात, पाणी प्यायचे कमी करतात, त्यामुळे प्रकृती आणखी बिघडते. मागच्या बाजूच्या शौचकूपाला दिवा, आतून धरायला दांडी आणि घसरणार नाही अशी फरशी एवढे आपण केले, तर दहा भाषणांनी होणार नाही ते काम होईल.

ऐकू येण्याविषयीही थोडे सांगते, कारण त्यावरून घरोघरी फार गैरसमज होतात. म्हातारपणी कान जातात तेव्हा सर्व आवाज सारखे जात नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. म्हणून पुरुषाचा जाड आवाज त्यांना ऐकू येतो, पण सुनेचा आणि नातवंडांचा येत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. मग आपण म्हणतो, “मित्राचे बरोबर ऐकू येते, माझेच येत नाही!” त्यात लबाडी नसते. ओरडून बोलू नये. तोंडासमोर येऊन, सावकाश, दूरदर्शनचा आवाज बंद करून बोलावे. २०२४ साली राज्याने वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी तीन हजार रुपये देऊ केले होते. अशा योजनांचे अर्ज वेळेवर भरून देणे, हेही आपल्या मंडळाला सहज करता येण्यासारखे काम आहे.

शेवटी घराविषयी दोन शब्द. केंद्र निघाले म्हणजे घरचे काम संपले, असे समजू नये. “जा तिकडे, तेवढाच वेळ जाईल,” असे म्हणून पाठविलेला मनुष्य घालवून दिल्यासारखा जातो. “तुमची पाळी आहे ना आज? उशीर होईल,” असे म्हणून पाठविलेला मनुष्य कामाला निघाल्यासारखा जातो. दोन्हींत तो जाणार त्याच जागी. फरक आपल्या बोलण्यात आहे. परत आल्यावर आज कोण आले होते, काय ठरले, एवढे विचारावे. नोकरीवरून आल्यावर आपण हेच विचारीत होतो. आज वयाच्या नव्वदीत असलेल्या आपल्या भागातल्या माणसांनी निजामाच्या अमदानीतली उर्दू शाळा पाहिली, १९४८ साली १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झालेले पाहिले, दुष्काळ पाहिले, भूकंप पाहिला. वर्षातून एकदा मुक्तिदिनाला आपण त्यांना व्यासपीठावर बसवून हार घालतो. त्यांना तीनशे पासष्ट दिवसांत त्याहून थोडे अधिक वेळा कोणी विचारावे, एवढीच अपेक्षा आहे.

बंधूंनाही एक विनंती. जागा मिळाली तर ती आपली समजून वापरा, पण दुपारी चारच्या आत खुर्च्या जागेवर लावून, कप धुऊन, किल्ली आमच्या चिटणीसताईंच्या हाती द्या. आमचे मंडळ ज्या शिस्तीवर उभे राहिले, ती शिस्त तुम्हीही पाळाल, असा मला भरवसा आहे.

हा ठराव पुढील बैठकीत मताला येणार आहे. अनुकूल असो वा प्रतिकूल, प्रत्येक भगिनीने मत द्यावे. पण देण्यापूर्वी आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे की, सकाळी दहा वाजता तुम्हांला कोठे जावेसे वाटते? माझी खात्री आहे की, पुष्कळ घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल.